वाटीमागची झीज: फक्त वाटीपुरता सांधा बदलावा का?

प्रश्न थोडक्यात असा. आईंचं वय ५४, वजन ७२ किलो, राहायला सिडकोत तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. सपाट रस्त्याने दोन-तीन किलोमीटर आरामात चालतात, पण जिना उतरताना उजव्या गुडघ्यात प्राण कंठाशी येतात. खुर्चीतून उठताना हात टेकावे लागतात. एमआरआयच्या रिपोर्टमध्ये वाटीच्या मागची गादी पूर्ण झिजल्याचं लिहिलंय. एका डॉक्टरांनी अख्खा गुडघा बदला म्हणून सांगितलं, दुसऱ्यांनी फक्त वाटीपुरतंही ऑपरेशन होतं असं सांगितलं. घरात गोंधळ आहे, आणि आईंना चैत्रात वणीच्या गडावर पायऱ्यांनी जायचंय.

मी नाशकात बावीस वर्षं हाडांची ऑपरेशनं करतो, त्यातली बरीचशी गुडघ्याची. माझं मत आधीच सांगून टाकतो: तुमच्या वर्णनावरून आई वाटीपुरत्या ऑपरेशनला योग्य ठरू शकतात, पण ते लगेच ठरवू नका. त्याआधी नीट काढलेले एक्स-रे हवेत आणि चार-सहा महिने मन लावून केलेला व्यायाम हवा. असं का म्हणतो ते सविस्तर लिहितो.

आपण गुडघा एक म्हणतो, पण त्यात कप्पे तीन असतात. एक आतला, एक बाहेरचा, आणि तिसरा पुढचा म्हणजे वाटीचा. मांडीचा मोठा स्नायू खाली येऊन नडगीच्या हाडाला धरतो, त्याच्या कंडरेतच ही वाटी बसलेली असते. मांडीच्या हाडाच्या टोकाला पुढून एक पन्हळ असते, तिच्यातून वाटी वर-खाली सरकते. विहिरीच्या रहाटावरून दोर जावा तसं. दोर जितका ताणाल तितका रहाटावर दाब. गुडघा जितका वाकेल तितकी वाटी त्या पन्हळीत दाबली जाते.

हा दाब किती असतो हे कळलं की आईंचं दुखणं लगेच समजतं. सपाट चालताना वाटीवर साधारण अर्ध्या वजनाइतका भार येतो, म्हणजे त्यांच्या बाबतीत ३५-३६ किलो. जिन्यावर तोच सव्वातीन-साडेतीन पट होतो, म्हणजे अडीचशे किलोच्या घरात. उकिडवं बसलं की सात-आठ पट, पाचशे किलोच्या वर. म्हणून तर शरीरातली सगळ्यात जाड कूर्चा, म्हणजे तीच गादी, निसर्गाने वाटीच्या मागे दिलीय, काही जणांत पाच मिलिमीटरहूनही जाड. ती झिजली की सपाट रस्त्यावर माणूस ठणठणीत वाटतो आणि जिन्यावर रडकुंडीला येतो. आतल्या कप्प्याची झीज असलेल्या माणसाची तक्रार वेगळी असते. तो म्हणतो, शंभर पावलं चाललो की थांबावं लागतं.

माझ्याकडे पेशंट आला की मी आधी एवढंच म्हणतो, "दुखतं कुठे ते हात लावून दाखवा." वाटीचं दुखणं असलेला माणूस अख्खा तळवा वाटीवर ठेवतो, मूठ झाकल्यासारखा. आतल्या कप्प्याचं असेल तर एक बोट गुडघ्याच्या आतल्या बाजूला, सांध्याच्या रेषेवर टेकतं. ही खूण दर वेळी खरी ठरते असं नाही, पण पुढचं बरंचसं काम सोपं होतं. मग दवाखान्यातल्या तीन पायऱ्यांच्या लाकडी स्टुलावरून उतरायला सांगतो. वाटीवाला पेशंट आडवा होतो, कठडा शोधतो, आणि दुखरा पाय सरळ ताठ ठेवून खाली सोडतो. शेवटी पलंगाच्या कडेला बसवून पाय हळूहळू सरळ करायला लावतो. काहींची वाटी अगदी शेवटच्या क्षणी बाहेरच्या बाजूला टुणकन उडते. ती उडाली की मी विचारतो, "शाळेत असताना खेळताना कधी वाटी सरकली होती का?" निम्म्या जणींना तेव्हा कुठे आठवतं. लंगडी खेळताना पडले होते, आजीने मालिश केली, आठ दिवसांत बरं झालं.

ही जुनी आठवण फार मोलाची असते. काही जणांच्या मांडीच्या हाडावरची पन्हळ जन्मापासून उथळ असते, किंवा सपाटच असते. वाटी तिच्यात नीट बसत नाही, बाहेरच्या कडेला घासत राहते आणि पन्नाशीच्या आत-बाहेर तेवढीच बाजू संपून जाते. आतला आणि बाहेरचा कप्पा मात्र अगदी तरुण असतो. वाटीपुरतं ऑपरेशन सगळ्यात चांगलं काम करतं ते अशा गुडघ्यात, कारण दोष मुळातच एका जागी असतो. वाटीचं जुनं फ्रॅक्चर होऊन झीज झालेल्यांचंही तसंच. पण पन्हळ व्यवस्थित आहे, वाटी कधी सरकलेली नाही, आणि तरीही वाटीमागची गादी झिजलीय, अशा माणसात ती झीज म्हणजे पुढे अख्ख्या गुडघ्यात येणाऱ्या संधिवाताची पहिली पायरी असू शकते. तेव्हा आईंना हा प्रश्न जरूर विचारा.

निफाड, चांदवड, सटाण्याकडच्या कितीतरी बायका मी तपासतो, ज्यांचं आयुष्य कांदा लावण्यात, निंदण्यात आणि खांडण्यात उकिडवं बसून गेलेलं असतं. बैठकीने झीज वाढते, दुखणं तर नक्कीच वाढतं, पण त्याच शेतात त्याच वयाच्या शेजारणीची वाटी धडधाकट असते. फरक बहुतेक वेळा त्या पन्हळीत असतो, आणि वजनात.

आता एक्स-रे. बहुतेक ठिकाणी समोरून आणि बाजूने असे दोनच फोटो काढतात, तेही झोपवून. वाटीच्या दुखण्याला ते पुरत नाहीत. गुडघा थोडा वाकवून वाटीच्या वरून, कडेने काढलेला फोटो लागतो, ज्याला आम्ही स्कायलाइन व्ह्यू म्हणतो. त्यात वाटी आणि पन्हळ यांच्यातली फट थेट दिसते. कुठे हाडावर हाड टेकलंय, वाटी मध्यावर आहे की कलंडलीय, पन्हळ खोल आहे की सपाट, सगळं एका फोटोत. त्याबरोबर उभं राहून समोरून एक, आणि उभ्याने गुडघा पंचेचाळीस अंश वाकवून मागून एक. हा शेवटचा फारसा कोणी काढत नाही, पण आतल्या-बाहेरच्या कप्प्यातली लपलेली झीज तोच उघडी पाडतो. एमआरआय असला तरी हे फोटो लागतातच. आणि एमआरआयमधला 'ग्रेड फोर', म्हणजे पूर्ण झिजलेली गादी, हा शब्द वाचून घाबरू नका. पन्नाशीनंतर कितीतरी लोकांच्या वाटीमागे झीज दिसते आणि त्यांचं काहीही दुखत नसतं. कूर्चेला स्वतःची नस नसते. दुखतं ते तिच्याखालचं हाड आणि सांध्याचं अस्तर. ऑपरेशन पेशंटचं करायचं असतं, रिपोर्टचं नाही.

या फोटोंचा आग्रह मी एवढा धरतो, त्यामागे माझी स्वतःची एक चूक आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका शिक्षिकेचं वाटीपुरतं ऑपरेशन केलं. वय ५०, वाटीमागची झीज स्पष्ट, समोरचा फोटो स्वच्छ. वाकवून काढायचा फोटो मी काढून घेतला नाही. ऑपरेशन सुरेख झालं, वर्षभर त्या आनंदात होत्या. दुसऱ्या वर्षी आतल्या बाजूला दुखायला लागलं आणि तिसऱ्या वर्षी अख्खा सांधा बदलावा लागला. आतल्या कप्प्याची झीज पहिल्या दिवसापासून तिथे होती, मी ती बघितली नव्हती. त्यांनी मला एका शब्दानेही दोष दिला नाही, आणि त्याचं मला जास्त वाईट वाटलं. तेव्हापासून तो फोटो असल्याशिवाय मी तारीख देत नाही.

व्यायामाचं म्हणाल तर 'करून बघितले, फरक नाही' असं सांगणाऱ्या दहांपैकी सात-आठ जणांनी पंधरा दिवस केलेले असतात. स्नायूला ताकद यायला तीन महिने लागतात. मांडीचा पुढचा स्नायू आणि कुल्ह्याच्या बाजूचा स्नायू, हे दोन महत्त्वाचे. कुल्हा कमजोर असला की पाऊल टाकताना मांडी आत वळते आणि वाटी बाहेर घासते. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबणं, पाय सरळ ठेवून उचलणं, कुशीवर झोपून वरचा पाय उचलणं, भिंतीला पाठ टेकून थोडंसंच खाली सरकणं, सीट उंच करून सायकल. चांगल्या फिजिओकडून एकदा नीट शिकून घ्या, मग घरीच रोज. वज्रासन मात्र बंद. योगवर्गात सगळे करतात म्हणून दुखत्या वाटीवर वज्रासनात बसणाऱ्या बायका मी रोज बघतो. व्यायाम म्हणून जिने चढणंही बंद. आणि वजन: पाच किलो उतरलं तर जिन्यावर वाटीवरचा भार सोळा-सतरा किलोने उतरतो. माझ्या पेशंटपैकी बऱ्याच जणींचं ऑपरेशन एवढ्यावर लांबलंय, काहींचं कायमचं टळलंय.

इंजेक्शनबद्दल विचारलं नाहीत, पण कोणीतरी 'ग्रीस भरून घ्या' म्हणेलच. स्टेरॉइडच्या इंजेक्शनने काही आठवडे बरं वाटतं, लग्नकार्य निभावून न्यायचं असेल तर ठीक. जेलने (तेच 'ग्रीस') आणि पीआरपीने, म्हणजे स्वतःच्याच रक्तातून काढून टोचलेल्या द्रवाने, झिजलेली कूर्चा परत उगवत नाही. आणि इंजेक्शन घेतल्यावर तीन महिने तरी त्या गुडघ्याचं ऑपरेशन करू नये, जंतुसंसर्गाचा धोका वाढतो.

एवढं सगळं करूनही जिना उतरताना रोज डोळ्यात पाणी येत असेल, फोटोत फक्त वाटीमागे हाडावर हाड असेल, बाकी दोन्ही कप्पे चांगले असतील, गुडघा पूर्ण सरळ होत असेल आणि रूमॅटॉइडसारखा सूज आणणारा संधिवात नसेल, तर मग वाटीपुरतं ऑपरेशन. रूमॅटॉइडमध्ये ते करूच नये, कारण तो आजार अख्ख्या सांध्याच्या अस्तराचा आहे.

ऑपरेशनची कल्पना जुनी आहे. १९५५ मध्ये मॅकीव्हर नावाच्या सर्जननी वाटीच्या मागच्या बाजूला धातूचं कवच बसवलं. १९७९ मध्ये वाटी आणि पन्हळ दोन्हींवर आवरण बसवायला सुरुवात झाली. पण तेव्हाची पन्हळ अरुंद आणि खोल असायची, वाटी तिच्यात अडकायची, आणि त्या निकालांनी या ऑपरेशनचं नाव बरीच वर्षं खराब करून ठेवलं. नव्वदच्या दशकात इंग्लंडमधल्या ब्रिस्टॉलमधून आलेल्या नव्या घडणीने चित्र बदललं. आता मांडीच्या हाडाचा पुढचा भाग कापून सपाट करतात आणि त्यावर रुंद, उथळ अशी धातूची पन्हळ सिमेंटने बसवतात. जन्मजात सपाट पन्हळही त्याने दुरुस्त होते.

प्रत्यक्षात असं होतं. कमरेतून भूल, गुडघ्यावर पुढून दहा-बारा सेंटिमीटरचा उभा छेद, आणि सव्वा ते दीड तास. वाटी बाजूला वळवून आम्ही सगळ्यात आधी बाकीचे दोन कप्पे डोळ्यांनी तपासतो. तिथे अनपेक्षित झीज दिसली तर टेबलावरच अख्खा सांधा बदलायचा की नाही, याची परवानगी पेशंटकडून आधीच घेतलेली असते. मग वाटीच्या मागून जितकी जाडी कापतो तितक्याच जाडीचं प्लॅस्टिकचं बटण बसवतो. वाटी जाड झाली तर गुडघा आवळल्यासारखा वाटतो, पातळ झाली तर मोडू शकते. मग माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा क्षण येतो. हात पूर्ण काढून घेतो, गुडघा वाकवतो-सरळ करतो आणि नुसतं बघतो. अंगठ्याने न ढकलता वाटी पन्हळीच्या मधोमध गेली पाहिजे. बाहेर कलत असेल तर बाहेरचा आवळलेला पडदा सैल करतो, पन्हळ बसवलीय तिचा कोन पुन्हा तपासतो. वाटी नीट चालल्याशिवाय टाके घालत नाही. पहिल्या दोन वर्षांत बिघडणाऱ्या केसेस मुख्यतः इथेच बिघडलेल्या असतात. आतले लिगामेंट, बाकीच्या दोन कप्प्यांतल्या चकत्या (मेनिस्कस), नडगीचं हाड, यातल्या कशालाही हात लावलेला नसतो. म्हणून पेशंट म्हणतात की गुडघा 'आपलाच' वाटतो.

मग पहिल्या डॉक्टरांनी अख्खा बदला म्हणून सांगितलं ते चुकीचं का? अजिबात नाही. त्यांच्या बाजूने मोठा मुद्दा आहे. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात सांधेबदलाच्या ऑपरेशनांची राष्ट्रीय नोंदवही असते. तिथले आकडे सांगतात की वाटीपुरत्या ऑपरेशननंतर दहा वर्षांत निदान पाचांपैकी एकाला दुसरं ऑपरेशन लागतं. अख्ख्या सांध्याच्या बाबतीत हे प्रमाण शंभरात पाचच्या आसपास किंवा त्याहून कमी. दुसऱ्या ऑपरेशनचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे उरलेल्या कप्प्यांत पुढे होणारी झीज. हे तुम्हाला कोणी सांगितलं नसेल तर आज माझ्याकडून ऐका, आणि आईंनाही सांगा.

दुसऱ्या बाजूला, डेन्मार्कमध्ये शंभर पेशंटवर दोन्ही ऑपरेशनांची चिठ्ठी टाकून केलेली तुलना आहे. वाटीपुरतं ऑपरेशन झालेले लवकर सावरले, पहिल्या दोन वर्षांत त्यांचा एकंदर त्रास कमी राहिला आणि त्यांचा गुडघा वाकणं टिकून राहिलं. ब्रिटनमधल्या एका लहान चाचणीत मात्र पाच वर्षांनी दोन्ही गट सारखेच होते. शिवाय पुढे खरंच अख्खा सांधा बदलायची वेळ आली, तर वाटीपुरत्याचं रूपांतर बहुतेक वेळा पहिल्यांदाच सांधा बदलावा तितकं सोपं जातं, कारण नडगीचं हाड कोरं असतं. वाटीमागचं बटण अनेकदा तसंच ठेवता येतं. एकदा बदललेला अख्खा सांधा पुन्हा बदलणं हे फार जड काम आहे.

म्हणून ५४ व्या वर्षी, पन्हळ सपाट असेल आणि बाकीचे कप्पे स्वच्छ असतील, तर मी वाटीपुरतं करीन. वय पासष्टच्या पुढे असतं, किंवा आतल्या कप्प्यात झिजेची सुरुवातही दिसली असती, तर अख्खा सांधा सुचवला असता. पन्हळ चांगली असेल आणि झीज नुसत्या वयाची वाटत असेल, तर मी आणखी थांबायला सांगीन, वर्षभराने फोटो परत काढीन. आणि हे काम वर्षाला एखाददुसरंच करणाऱ्याकडून करून घेऊ नका. "तुम्ही अशी किती केलीत, त्यातल्या किती जणांना परत उघडावं लागलं?" असं सरळ विचारा. चांगला सर्जन रागावणार नाही.

खर्चाचं एकच सांगतो. गुडघ्याच्या इम्प्लांटच्या, म्हणजे आत बसवायच्या कृत्रिम भागांच्या, किमतींवर सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये मर्यादा घातली. अंदाजपत्रकात इम्प्लांटची किंमत वेगळी लिहून मागा, आणि इम्प्लांटचे स्टिकर डिस्चार्ज कार्डावर लावून घ्या. पुढे कधी दुसरं ऑपरेशन लागलं तर त्या स्टिकरवरचे नंबर सोन्यासारखे असतात. मेडिक्लेम असेल तर सांधेबदलासाठी किती वर्षांची अट आहे ते आधी बघा. मधुमेह असेल तर तीन महिन्यांची साखर आटोक्यात आल्याशिवाय तारीख घेऊ नका.

नंतरचं. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर घेऊन उभं करतात, दोन-तीन दिवसांत घरी. टाके दोन आठवड्यांनी. तिसऱ्या मजल्यावर जायचंय म्हणून जिना दवाखान्यातच शिकून घ्या: चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी. सहा आठवड्यांत बहुतेक जणी काठी सोडतात. सूज तीन-चार महिने येत-जात राहते, संध्याकाळी गुडघा गरम लागतो, त्याला घाबरू नका. ताप, जखमेतून पाणी, किंवा पोटरी ताठ होऊन सुजली तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. व्रणाच्या बाहेरच्या बाजूला हाताच्या तळव्याएवढी जागा बधिर वाटते, ती बरीच वर्षं तशी राहू शकते. छेद देताना त्वचेची एक बारीक नस कापली जाते, ती वाचवता येत नाही. हे आधी सांगितलं नाही की पेशंट उगीच काळजीत पडतात. खरा फायदा कळायला सहा महिने ते वर्ष जातं.

मांडी घालता येईल का, हा प्रश्न प्रत्येक बाई विचारते, बहुतेक वेळा नवरा खोलीबाहेर गेल्यावर, हळूच. पूजेला, पंगतीला अर्धा तास मांडी घालून बसणं बऱ्याच जणींना जमतं. पण रोजची बैठक खाली नको, उकिडवं तर नकोच, आणि घरात कमोड हवा. त्या प्लॅस्टिकच्या बटणावर पाचशे किलो रोज टाकले तर ते किती टिकणार?

राहिला गडाचा प्रश्न. पायऱ्या पाचशेच्या आसपास आहेत. येत्या चैत्राच्या आधी ऑपरेशनची घाई करू नका, या वर्षी चढताना-उतरताना दोन्ही वेळा गडावरच्या रुळांवरून चालणाऱ्या ट्रॉलीनेच जाऊ द्या. २०१८ पासून ती सोय आहे. पुढच्या चैत्रापर्यंत व्यायामाने बरं झालं, किंवा ऑपरेशन होऊन वर्ष उलटलं, तर पहाटे ऊन नसताना कठडा धरून, दर पन्नास पायऱ्यांनी थांबत त्यांना चढू द्या. उतरताना मात्र ट्रॉली. उतरताना मांडीचा स्नायू ताणत ताणत अख्ख्या अंगाचं वजन सावरतो, आणि वाटीचं खरं दुखणं तिथेच असतं. तोवर सिडकोतल्या त्या जिन्याला दुसऱ्या बाजूनेही एक कठडा बसवून घ्या.